विदर्भाएवढी नगरपालिका, तीनशेहून कमी माणसे

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचे क्षेत्रफळ सुमारे 97 हजार चौरस किलोमीटर आहे आणि 2011च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 2 कोटी 30 लाख भरली होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, अगदी पश्चिम सीमेला लागून, जवळपास एवढ्याच आकाराचा, सुमारे 95 हजार चौरस किलोमीटरचा एक मुलूख आहे. त्याचे नाव डायमँटिना. तिथे राहणारी माणसे तीनशेहूनही कमी आहेत आणि त्या सगळ्यांची मिळून एकच स्थानिक स्वराज्य संस्था आहे. हिशेबच मांडायचा तर बृहन्मुंबईएवढ्या जागेत तिथे सरासरी दोन माणसेही वाट्याला येत नाहीत.

अशा ग्रामीण नगरपालिकेला ऑस्ट्रेलियात ‘शायर’ म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, मैफलीतल्या शायराशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडच्या जुन्या ‘परगणा’ या शब्दाजवळ तो अर्थाने येतो. गाव आणि त्याभोवतीचे रान अशी विभागणी इथे नसते. दोन्ही मिळून एकच हद्द असते, आणि रस्ते, पाणी, कचरा, स्मशानभूमी, विमानाची धावपट्टी असे सगळे एकाच कार्यालयाच्या गळ्यात असते. ते कार्यालय बेडूरी नावाच्या गावात आहे. दुसरे गाव बर्ड्सव्हिल सुमारे 190 किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणजे मुंबईहून नाशिक जेवढे लांब त्याहूनही थोडे दूर. या दोन्ही गावांत प्रत्येकी शंभर-सव्वाशे माणसे राहतात. बेटूटा हे तिसरे गाव नकाशावर आहे खरे, पण तिथे एका जुन्या हॉटेलच्या इमारतीपलीकडे फारसे काही उरलेले नाही. बाकीची वस्ती गुरांच्या विस्तीर्ण चराऊ जमिनींवर विखुरलेली आहे. या जमिनींना तिथे ‘स्टेशन’ म्हणतात, आणि त्यांतली काही स्टेशने एकेकटी आपल्या गोवा राज्यापेक्षा मोठी आहेत.

हे ऐकल्यावर मराठी वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की एवढ्या थोड्या माणसांसाठी स्वतंत्र नगरपालिका हवीच कशाला? त्याचे उत्तर मिळण्यासाठी आपल्या मनातला एक हिशेब आधी बाजूला ठेवावा लागतो. नगरपालिकेचा खर्च लोकसंख्येबरोबर वाढतो, हे आपण गृहीतच धरतो, कारण आपल्याकडे माणसे दाट आहेत आणि अंतरे लहान आहेत. डायमँटिनात खर्चाचा मोठा भाग अंतराने ठरतो. दोन गावांमधला रस्ता वापरणाऱ्या गाड्या दिवसाला दहा असोत की हजार, तो 190 किलोमीटरचाच राहतो. पाण्याची टाकी, जनरेटर आणि दवाखाना यांचाही किमान आकार असतो, त्याखाली ते लहान करता येत नाहीत.

ही वस्ती मुळात झालीच का, हेही समजून घेण्यासारखे आहे. 1901 सालापर्यंत ऑस्ट्रेलिया हा एक देश नव्हता. सहा स्वतंत्र ब्रिटिश वसाहती होत्या आणि त्या एकमेकींच्या मालावर जकात बसवीत. बर्ड्सव्हिल दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेपासून केवळ 12 किलोमीटरवर आहे. उत्तरेकडच्या कुरणांवरून शेकडो किलोमीटर चालवत आणलेली गुरे दक्षिणेच्या बाजारांकडे आणि रेल्वेकडे नेताना जनावरांची नोंद आणि वसुली इथे होत असे. थोडक्यात हे गाव म्हणजे एक जकातनाका होता. नाका म्हटला की शिपाई, दुकान, खाणावळ आणि दारूचा गुत्ता आलाच. 1 जानेवारी 1901 रोजी वसाहतींचे संघराज्य झाले, अंतर्गत जकात संपली आणि गावाचा मुख्य धंदा एका दिवसात गेला. तरीही गाव पुसले गेले नाही, कारण जवळपास दुसरे गावच नव्हते.

या प्रदेशाला निर्जन म्हणणे मात्र चूक ठरेल. वांगकांगुरू, यारलुयांडी, मिथाका आणि इतर आदिवासी समूह हजारो वर्षे इथे राहत आले आहेत. पश्चिमेला पसरलेल्या सिंप्सन वाळवंटात वाळूच्या समांतर टेकड्यांच्या हजाराहून अधिक रांगा आहेत. वरवर पाहता जिथे पाण्याचा थेंब सापडू नये, तिथे वांगकांगुरू लोक ‘मिकिरी’ नावाच्या अरुंद, खोल विहिरींच्या आधाराने वस्ती करीत. कुठली मिकिरी कुठे आहे याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कथा-गीतांतून चालत आलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी त्यांनी वाळवंट सोडून स्टेशनांच्या आणि मिशनच्या आसऱ्याला येणे पत्करले. या समूहांच्या भूमिहक्कांना न्यायालयीन मान्यता मिळाली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

भारताशी या मुलखाचा एक खरा दुवा आहे, तो उंटांचा. 1860 साली बर्क आणि विल्स यांची प्रसिद्ध शोधमोहीम मेलबर्नहून निघाली, तेव्हा तिच्यासाठी दोन डझन उंट आणि ते हाकणारी माणसे भारतातून बोटीने नेली होती. उंट चढवले गेले कराचीला, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ही मोहीम याच भागातून उत्तरेकडे गेली. पुढच्या अर्धशतकात बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातून हजारो उंटवाले आले. ऑस्ट्रेलियन लोक त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. रेल्वेच्या शेवटच्या स्थानकापासून आतल्या स्टेशनांपर्यंत पीठ, साखर, तारेची भेंडोळी आणि टपाल पोचवायचे आणि परतताना लोकर आणायची, हे काम त्यांनी केले. ट्रक आले आणि उंट मोकाट सोडले गेले. त्यांची प्रजा इतकी वाढली की आज तो वाळवंटातला मोठा उपद्रव समजला जातो. बर्ड्सव्हिलच्या बेकरीत उंटाच्या मांसाची मसालेदार करी आत भरून भाजलेला ‘पाय’ नावाचा पदार्थ मिळतो. एका अर्थी हा त्या इतिहासाचाच शेवटचा अंक आहे, आणि करीही तिथे आली ती आपल्याच बाजूने.

आता पाण्याकडे वळू. बर्ड्सव्हिलला वर्षाचा सरासरी पाऊस 165 मिलिमीटरच्या आसपास पडतो. मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी यापेक्षा जास्त पडून जातो. क्वीन्सलँडचे आजवरचे सर्वाधिक नोंदलेले तापमान, 49.5 अंश सेल्सिअस, याच गावातले आहे; तारीख होती 24 डिसेंबर 1972. तरीही माणसे इथे टिकली याचे कारण पायाखाली आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन हा जगातल्या सर्वांत मोठ्या भूजलसाठ्यांपैकी एक असून तो ऑस्ट्रेलियाच्या पंचमांशाहून अधिक भागाखाली पसरला आहे. पूर्वेकडच्या डोंगररांगेवर पडलेले पाणी सच्छिद्र वालुकाश्मात मुरते आणि वरच्या अभेद्य थराखाली दाबले जात वर्षाला जेमतेम काही मीटर या गतीने पश्चिमेकडे सरकते. म्हणजे बर्ड्सव्हिलमध्ये नळातून येणारे पाणी पावसाच्या रूपाने जमिनीत शिरले तेव्हा आज आपण ओळखतो ती मानवजात अस्तित्वातही नव्हती.

हे पाणी दाबाखाली असल्यामुळे बोअर खणला की आपोआप वर उसळते, पंप लागत नाही. पण ते येते उकळत्याच्या जवळ. बर्ड्सव्हिलचा बोअर सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल आहे आणि त्याचे पाणी सुमारे 98 अंशांचे असते. आपल्याकडे नगरपालिका पाणी शुद्ध करून देते. इथल्या नगरपालिकेला ते आधी थंड करावे लागते, नाहीतर नळाखाली हात धरणाऱ्याचा हात भाजायचा. या उष्णतेचा उपयोग करून गावात एक छोटे भूऔष्णिक वीजकेंद्रही चालवले जात असे. गाव राज्याच्या वीजजाळ्यापासून इतके दूर आहे की तिथवर तारा ओढणे परवडत नाही, म्हणून डिझेल जाळावे लागते. त्यातले काही डिझेल या केंद्रामुळे वाचे. 2018 साली ते बंद झाले. एवढ्या लहान संचाची देखभाल करायला एवढ्या लांब तंत्रज्ञ पाठवण्याचा खर्च हा अशा प्रत्येक प्रयोगाच्या मुळावर येतो. विजेच्या दराबाबत मात्र क्वीन्सलँडचे एक धोरण ध्यानात घ्यावे: दुर्गम गावातल्या ग्राहकाला प्रत्यक्ष खर्चानुसार बिल येत नाही, राज्यभर साधारण सारख्याच दराने येते आणि मधला फरक राज्य सरकार भरते. हे धोरण नसते, तर बर्ड्सव्हिलमध्ये उन्हाळ्यात पंखा लावणेही चैनीचे ठरले असते.

या परगण्यातला पूर आपल्याला ठाऊक असलेल्या पुरासारखा नसतो. डायमँटिना, जॉर्जिना आणि आयर क्रीक हे प्रवाह बहुतेक काळ तुटक डोहांच्या रूपातच असतात. उत्तरेला शेकडो किलोमीटरवर मोसमी पाऊस झाला की ते पाणी जवळजवळ सपाट जमिनीवरून असंख्य फाटे फोडत दक्षिणेकडे निघते. म्हणूनच या भागाला ‘चॅनल कंट्री’ म्हणतात. बर्ड्सव्हिलला आकाश निरभ्र असते, ऊन रणरणत असते, आणि वर कुठेतरी आठवड्यांपूर्वी पडलेला पाऊस नदीतून हळूहळू येऊन रस्ता बुडवतो. उरलेसुरले पाणी काती थांडा–लेक आयर या समुद्रसपाटीखालच्या खाऱ्या सरोवरात जाते आणि तिथे वाळून जाते. समुद्राला ते कधीच मिळत नाही. गुरे पाळणाऱ्यांना हा पूर हवाच असतो, कारण तो ओसरला की मागे उत्तम गवत उगवते आणि गुरे धष्टपुष्ट होतात. नगरपालिकेच्या दृष्टीने मात्र पूर म्हणजे रस्त्यांची धूळधाण. 2025 साली आलेल्या मोठ्या पुरात चॅनल कंट्रीचा बराच भाग पाण्याखाली गेला आणि कित्येक स्टेशनांवर विमानाने किंवा हेलिकॉप्टरनेच पोचता येत होते.

या नगरपालिकेचे खरे काम रस्ता हेच आहे. पथदिवे, उद्याने, बाजार हे सगळे इथे किरकोळ आहे. बहुतेक रस्ते मुरुमाचे किंवा नुसते मातीचे आहेत. धावत्या वाहनांच्या चाकांनी त्यांवर आडव्या नालीदार पत्र्यासारख्या लाटा उठतात, मधेच भुकटीसारख्या धुळीचे खड्डे पडतात, आणि ‘ग्रेडर’ या सपाटीकरणाच्या यंत्राने खरवडून, पाणी मारून, रोलरने दाबून ते पुन्हा सपाट करावे लागतात. यात मेख अशी की मुरूम चांगला दबायला पाणी लागते, आणि पाणीच तर नाही. म्हणून रस्त्याच्या कामाचा आराखडा मुरूम कुठे मिळेल यावर जितका ठरतो तितकाच जवळचा बोअर कुठे आहे यावर. कामगारांची तुकडी चाकांवरच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि इंधनाची टाकी घेऊन निघते आणि दिवसचे दिवस रानातच मुक्काम करते. रोज घरी परतायचे म्हटले तर जाण्यायेण्यातच दिवस संपेल. पाऊस झाल्यावर नगरपालिका रस्ता बंद करते आणि बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला जबर दंड होतो, कारण ओल्या मातीत एका गाडीने पाडलेल्या चाकोऱ्या सुकून दगडासारख्या होतात आणि त्या बुजवायला पुन्हा ती सगळी तुकडी पाठवावी लागते.

पैसा येतो कुठून? इथल्या करदात्यांनी कितीही प्रामाणिकपणे पट्टी भरली तरी तीनशे माणसांच्या वसुलीतून हे रस्ते होणार नाहीत, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. जमीन बहुतेक सरकारी मालकीची असून स्टेशनांना ती भाडेपट्ट्याने दिलेली असते. पट्टेदारांकडून नगरपालिका कर घेते, पण तो खर्चाच्या मानाने अल्प असतो. मुख्य आधार आहे तो अनुदानांचा. ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार 1995च्या कायद्यानुसार सर्व स्थानिक संस्थांना दरवर्षी साहाय्य देते, आणि त्या वाटपाची रीत समजून घेण्यासारखी आहे. सर्वसाधारण रक्कम राज्याराज्यांत वाटताना निकष असतो लोकसंख्येचा. राज्यात आल्यावर मात्र ती गरजेनुसार वाटली जाते: कुठल्या नगरपालिकेला सरासरी दर्जाची सेवा द्यायला किती खर्च येईल आणि तिची स्वतःची कमाई किती होऊ शकेल, यांतली तफावत काढली जाते. त्यातही एक अट आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात ठरणारा एक किमान वाटा प्रत्येक संस्थेला मिळालाच पाहिजे, ती कितीही श्रीमंत असो. राज्याची राजधानी ब्रिस्बेन, तिची महानगरपालिका अशा किमान वाट्यावरच असते. तो वाटा काढून ठेवल्यावर उरलेली रक्कम डायमँटिनासारख्यांकडे झुकते. रस्त्यांसाठीचे साहाय्य याखेरीज वेगळे मोजले जाते.

माझ्या मते या रचनेतली पहिली पायरी कच्ची आहे. राज्यांचा हिस्सा डोकी मोजून ठरवायचा आणि मग राज्याने गरज पाहून वाटायचा, याचा अर्थ दाट शहरे पोटात असलेल्या राज्यातली दुर्गम नगरपालिका सुदैवी, आणि शेजारच्या, मुळातच विरळ असलेल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातली तशीच नगरपालिका कमनशिबी. दोघींच्या मधे फक्त एक सीमारेषा असते. त्या रेषेचीही एक गंमत आहे. डायमँटिनाच्या पश्चिम टोकाला, जिथे तीन हद्दी मिळतात तिथे, 1880 साली ऑगस्टस पॉपेल या सर्वेक्षकाने कोपऱ्याचा खांब रोवला; मागाहून तपासल्यावर कळले की त्याची मोजणीची साखळी इंचभर लांब होती, त्यामुळे खांब सुमारे तीनशे मीटर पश्चिमेला, खाऱ्या सरोवरात जाऊन पडला होता. तो काढून पुन्हा योग्य जागी लावावा लागला.

अनुदानाखेरीज दुसरे उत्पन्न कंत्राटाचे आहे. परगण्यातून जाणारे मोठे रस्ते राज्य सरकारच्या मालकीचे आहेत, पण ब्रिस्बेनहून सोळाशे किलोमीटरवर यंत्रे आणि माणसे पाठवण्यापेक्षा राज्य तेच काम इथल्या नगरपालिकेला देते. त्यामुळे नगरपालिका ही एकाच वेळी लोकनियुक्त संस्था असते आणि रस्त्यांची ठेकेदारही, आणि परगण्यातल्या सर्वांत मोठ्या नोकरदारांमध्ये तिचा क्रमांक लागतो. पुराने वाहून गेलेल्या रस्त्यांच्या पुनर्बांधणीसाठी केंद्र आणि राज्य मिळून पैसा देतात. बराच काळ त्याचा दंडक असा होता की रस्ता पूर्वी होता तसाच करून द्यायचा, अधिक चांगला करायचा नाही. परिणामी पुढच्या पुरात तोच रस्ता त्याच जागी पुन्हा वाहून जाई. 2013 नंतर क्वीन्सलँडमध्ये दुरुस्ती करताना मजबुतीकरणासाठीही वेगळा निधी दिला जाऊ लागला, हे शहाणपण थोडे उशिरा सुचले इतकेच.

लोकसंख्येचा आकडा फसवा ठरतो त्याचे आणखी एक कारण पाहुणे आहेत. बर्ड्सव्हिलला 1882 पासून घोड्यांच्या शर्यती होतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन-तीन दिवस शे-सव्वाशे माणसांच्या गावात काही हजार लोक तंबू ठोकतात. गावाजवळच्या ‘बिग रेड’ या प्रचंड लाल टेकडीच्या पायथ्याशी भरणाऱ्या संगीत महोत्सवाला तर त्याहूनही अधिक गर्दी झालेली आहे. आपल्याकडे जत्रेच्या गावाला हा ताण ठाऊक आहे; फरक एवढाच की इथे शेजारच्या तालुक्याहून टँकर मागवता येत नाही. शौचालये, कचऱ्याचा खड्डा, पाण्याचा साठा, धावपट्टी हे सगळे गर्दीच्या मापाने बांधायचे आणि वर्षातले उरलेले महिने तीनशे माणसांच्या बळावर सांभाळायचे. निवृत्तीनंतर गाडीमागे घर जोडून देश पाहायला निघालेली मंडळी हिवाळाभर येत असतात, ती वेगळीच. ती इंधन भरतात, बेकरीतला ‘पाय’ खातात, छायाचित्रे काढतात आणि मुरुमाच्या रस्त्यावर आपल्या चाकांची खूण ठेवून पुढे जातात.

सभागृह छोटे आहे: एक महापौर आणि चार नगरसेवक. आपल्या लहानात लहान ग्रामपंचायतीतही सात सदस्य असतात. निवडणुकीत मतदान टपालाने होते आणि ते सक्तीचे असते. विषयपत्रिकेवरचे बहुतेक विषय कुणा ना कुणा सदस्याच्या शेजाऱ्याचे, भावाचे किंवा स्वतःच्या स्टेशनचे निघणार, हे उघडच आहे; म्हणून हितसंबंध जाहीर करण्याचे कायदेशीर बंधन अशा सभागृहात महानगरापेक्षा अधिक वेळा लागू पडते. 2008 साली क्वीन्सलँडने नगरपालिकांचे मोठ्या प्रमाणावर विलीनीकरण केले आणि त्यांची संख्या 157 वरून 73 वर आणली. डायमँटिना तशीच राहिली. बाजूच्या बुलिया परगण्याची लोकवस्तीही काही शेकड्यांचीच आहे. दोन्ही जोडून दीड लाख चौरस किलोमीटरची नगरपालिका झाली असती, पण रस्ता एक किलोमीटरनेही कमी झाला नसता, आणि दोनांपैकी एका गावचे कार्यालय, त्यातल्या नोकऱ्या आणि त्या नोकऱ्यांवर चालणारे दुकान मात्र गेले असते.

सेवांचे प्रत्येक अंग असेच कशाला तरी टेकून उभे आहे. दवाखान्यात परिचारिका असतात, डॉक्टर विमानाने येतात. 1928 साली क्लोनकरीहून सुरू झालेल्या ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेचा हा जुना टापू आहे. टपालही विमानानेच येते. शाळेत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी मुले असतात, आणि स्टेशनांवरची मुले घरीच रेडिओवरून, आता इंटरनेटवरून, शिकतात. दोन कुटुंबांनी गाव सोडले तर शाळेतल्या शिक्षकाची जागा धोक्यात येते, आणि शिक्षक गेला की तिसरे कुटुंबही सामान बांधू लागते.

म्हणूनच इथल्या कारभाऱ्यांना पैशाइतकीच काळजी घरांची असते. नवे घर बांधायचे तर विटेपासून गवंड्यापर्यंत सगळे शेकडो किलोमीटरवरून आणावे लागते, आणि बांधून झाल्यावर विकायला काढले तर घातलेल्या पैशाच्या निम्मेही मिळण्याची खात्री नसते. असे तारण बँक घेत नाही आणि असे घर कुणी खाजगी माणूस बांधत नाही. तेव्हा ग्रेडर चालवायला माणूस हवा असला की नगरपालिका आधी त्याच्यासाठी घर शोधते, नसेल तर बांधते, आणि मगच नोकरीची जाहिरात देते.